तेलाचा माग

जुन्या जीपबद्दल एक वाक्य गॅरेजमधून गॅरेजमध्ये फिरत असतं : जीपखाली तेलाचा डाग दिसला नाही, तर आत तेलच उरलं नाही असं समजावं. मालक ते कौतुकाने सांगतात, मिस्त्री विषय मिटवायला सांगतात. जुन्या जीपगाड्या उभ्या करणाऱ्या माणसांत वावरताना हे वाक्य मला सतत ऐकू आलं आणि दर वेळी खटकत गेलं. कारण ज्यांनी हे काम जीव लावून केलंय, त्यांच्या जीपखालची फरशी मी कोरडी पाहिली आहे. इंजिन तेच, गिअरपेटी तीच, आराखडा ऐंशी वर्षांपूर्वीचाच. गळती हा जीपचा स्वभाव नाही. आत काहीतरी बिघडलंय याची ती खूण असते. ज्याला ती वाचता येत नाही, तो नुसती सीलं बदलत राहतो.

ही गाडी आपल्याकडे आली तो प्रवास थोडक्यात सांगायला हवा, कारण गळतीची निम्मी कारणं त्या इतिहासातच आहेत. १९४० साली अमेरिकेच्या लष्करासाठी बँटम या छोट्या कंपनीने कार्ल प्रोब्स्टच्या आराखड्यावरून पहिला नमुना बनवला. पुढे मोठं काम विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेलं आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. विलीजच्या जीपमधलं इंजिन बार्नी रूस या अभियंत्याने घडवलेलं. नाव ‘गो-डेव्हिल’, चार सिलिंडर, १३४ घन इंच म्हणजे सुमारे २,२०० सीसी, ताकद ६० अश्वशक्ती. या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असतात. वरचं हेड म्हणजे फक्त झाकण, त्यात तेलाचा काही संबंधच नाही. त्यामुळे इंजिनाच्या डोक्यावरून तेल ओघळायचा प्रश्नच येत नाही. बाजूला व्हॉल्व्हचं एक पत्र्याचं झाकण आहे, गळलं तर ते गळतं.

महिंद्रांची कंपनी १९४५ सालची. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तिने विलीजचे सुटे भाग मागवून मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी हे मॉडेल आलं. अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात निघालेली, उंच बॉनेटची ही गाडी आपल्याकडे मात्र त्यानंतरही बनत राहिली. बॉनेट उंच झालं ते इंजिनामुळे. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच ठेवले. ताकद वाढली, उंची वाढली आणि वर आणखी एक झाकण आलं. म्हणजे गळायला आणखी एक जागा झाली.

वनखातं, पाटबंधारे, पोलीस, साखर कारखाने, पंचायत समित्या, सगळीकडे या गाड्या राबल्या. लिलावात निघाल्या, शेतकऱ्यांकडे आल्या. पेट्रोल महाग झालं तेव्हा कित्येकांची इंजिनं उतरवून डिझेल इंजिनं चढवली गेली. दर हस्तांतरात कुणीतरी कुठलातरी बोल्ट बदलला, कुठलंतरी भोक बुजवलं, कुठेतरी सिलिकॉनचा थर चढवला. आज हातात येणारी जीप त्या सगळ्या हातांची मिळून झालेली असते.

अशीच एक सीजे-३बी मी सिन्नरच्या बाजूला एका गॅरेजात पाहिली. मालक द्राक्षबागायतदार, गाडी त्याच्या चुलत्याची. त्याला घाई रंगाची होती. मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. त्यांनी रंगाचा विषयच बाजूला ठेवला.

“मामा, मागल्या वर्षीच सील टाकलंय. तरी गळतंय.”

“कुठलं सील?”

“मागचं. इंजिनाचं.”

“तिथूनच गळतंय हे कुणी सांगितलं?”

मालकाकडे उत्तर नव्हतं, आणि बहुतेकांकडे नसतं. तेल जिथे थेंब धरतं तिथून ते निघालेलं नसतं. ते वरून खाली येतं, आणि गाडी धावत असताना वाऱ्याने पुढून मागे ढकललं जातं. इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरमधून निघालेलं तेल खालच्या तेलाच्या चेंबरच्या कडेने मागे सरकतं, फ्लायव्हीलच्या हौसिंगपाशी जमतं आणि तिथे ठिबकतं. पाहणारा म्हणतो, मागचं सील गेलं.

म्हणून मामांनी आधी धुलाई काढली. रॉकेल, ताठ ब्रश आणि एक बोथट पटाशी. चेंबरवर, गिअरपेटीच्या पोटाशी, चॅसीच्या आडव्या पट्टीवर माती आणि तेल यांचा बोटभर थर बसलेला होता. पटाशीने त्याचे टवके निघत होते, आणि प्रत्येक टवक्याखाली मूळ धातू निघत होता, काही ठिकाणी तर जुना हिरवा रंगसुद्धा. मग साबणाचं पाणी, मग हवा. सगळं खडखडीत वाळल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंकली. इंजिन गरम होईपर्यंत गाडी डांबरी रस्त्यावर फिरवून आणली आणि रॅम्पवर चढवली. पांढऱ्या भुकटीवर तेलाच्या वाटा स्वच्छ उमटल्या होत्या. मामांनी टॉर्च खालून वर नेला. ओल जिथे सर्वांत वर सुरू होते, ती जागा खरी.

इथे बोटांचा आणि नाकाचाही उपयोग होतो. इंजिनचं तेल पातळ, काळपट, जळक्या वासाचं. गिअर ऑइल दाट आणि चिकट, त्याला गंधकासारखा उग्र वास. ब्रेक ऑइल रंग सोलतं. तीन वेगळी तेलं एकाच थेंबात आली, तर दुरुस्त्याही तीन असतात.

या गाडीत फ्लायव्हील हौसिंगच्या तळाच्या भोकातून खरंच इंजिनचं तेल येत होतं. हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आत आलेलं तेल क्लचवर न जाता खाली पडावं यासाठी. काही लोक गळती थांबवायची म्हणून तिथे बोल्ट ठोकतात. डाग बंद होतो, आणि थोड्याच दिवसांत तेल प्यायलेली क्लचप्लेट चढावर घसरायला लागते.

पण त्या भोकातून येणारं सगळंच तेल क्रँकच्या मागच्या सीलचं नसतं. कॅमशाफ्टच्या मागच्या टोकाला ब्लॉकमध्ये वाटीसारखं एक पत्र्याचं बूच ठोकलेलं असतं. ते सैल झालं की तेल त्याच हौसिंगमध्ये उतरतं. चेंबरच्या पॅकिंगचा मागचा कोपरा फाटला तरी तेच. या तिन्हीत फरक करायचा तर क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवून समोरून पाहावं लागतं. ते कष्ट टाळून सील बदललं की मग ‘टाकलं तरी गळतंय’ हे ठरलेलंच.

मामांनी ते उतरवण्याआधी वेगळंच एक काम केलं. इंजिन चालू ठेवून तेल भरायच्या नळीचं झाकण काढलं आणि तोंडावर तळहात धरला. आतून धापा टाकल्यासारखा वारा येत होता. “हे बघा,” ते म्हणाले, “कुकरची शिट्टी तुंबली तर वाफ रिंगेतून निघणारच. तुम्ही रिंग बदलत बसलात.”

माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा मुद्दा हाच आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा जळका वायू क्रँकच्या पोकळीत उतरतच असतो, नव्या इंजिनातही. तो बाहेर काढायची सोय विलीजने युद्धाच्या जीपमध्येच केली होती. एअर क्लीनरमधून स्वच्छ हवा नळीने आत यायची, इंजिनातून फिरायची आणि एका छोट्या व्हॉल्व्हमधून इनलेट मॅनिफोल्डकडे ओढली जाऊन पुन्हा जळायची. हा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला, किंवा कटकट नको म्हणून कुणी काढून तिथे बूच मारलं, की आतला दाब वाढतो. दाबाला बाहेर पडायला वाट हवी असते. तो पुढच्या सीलमधून, मागच्या सीलमधून, बाजूच्या झाकणातून, डिपस्टिकच्या नळीतून, जमेल तिथून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाची दहा पॅकिंगं बदलली तरी अकरावं ओलं होतं.

या जीपमध्ये तेच झालं होतं. व्हॉल्व्हच्या जागी एक पितळी बूच होतं, सफाईने बसवलेलं. कधी, कुणी, कळायला मार्ग नाही. मामांनी नळी मोकळी केली, नवा व्हॉल्व्ह बसवला आणि मगच सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. चारही आकडे जवळपास सारखे आले, म्हणजे रिंगा अजून धरून होत्या. त्या गेल्या असत्या, तर बोअरिंगचा खर्च पुढे होता आणि त्याआधी सीलवर पैसे घालणं फुकट होतं.

त्यानंतर गिअरपेटी उतरली. क्रँकच्या मागच्या बाजूला सुरुवातीच्या इंजिनांत रबरी सील नसे. दोरीसारखं विणलेलं पॅकिंग असे, अर्धं ब्लॉकच्या खाचेत, अर्धं बेअरिंगच्या कॅपमध्ये. पुढे दोन अर्धगोल तुकड्यांचं, ओठ असलेलं रबरी सील आलं. दोरी बसवणं हे हाताचं कसब आहे. ती तेलात भिजवायची, गुळगुळीत गोल दांड्याने खाचेत दाबत लोळवायची, टोकं धारदार पात्याने सपाट कापायची. एकही धागा कॅप आणि ब्लॉक यांच्यामध्ये अडकता कामा नये, नाहीतर कॅप पूर्ण बसत नाही आणि बेअरिंगचं मापच चुकतं. जुन्या दोरीत आणि क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हे मी आग्रहाने लिहितो आहे, कारण गॅरेजांमधून ती धूळ सर्रास तोंडावर उडताना दिसते.

कॅपच्या दोन्ही बाजूंच्या फटींत रबराच्या दोन बारीक कांड्या जातात. त्या कॅपच्या पातळीपेक्षा किंचित वर उरल्या पाहिजेत, म्हणजे चेंबर आवळल्यावर दाबल्या जाऊन फट भरतात. नीटनेटकेपणाच्या हौसेने कुणी त्या सपाट कापल्या, की नव्या सीलच्या शेजारूनच तेल यायला लागतं. आणि मुख्य बेअरिंगच झिजून क्रँक हलत असेल, तर जगातलं कुठलंही सील तिथे टिकत नाही.

चेंबरचं काम पोरांवर सोपवतात, पण घोटाळे तिथेच होतात. चेंबर पत्र्याचा. मागच्या कुणीतरी गळती थांबावी म्हणून बोल्ट करकचून आवळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा वर उचलला जातो. तसाच नव्या कॉर्कवर बसवला, तर भोकापाशी कॉर्क चिरडतो आणि दोन भोकांच्या मधे फट राहते. मामांच्या हाताखालच्या पोराने चेंबरची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून एकेक भोक हातोडीने सपाट केलं, पट्टी लावून उजेडात पाहिलं, मग पॅकिंग ठेवलं. बोल्ट मधून सुरू करून आलटून पालटून, थोडे थोडे आवळले.

सिलिकॉनच्या नळीबद्दल मामांचं मत कडक आहे आणि ते मला पटलं. पातळ थर, तोही जिथे दोन वेगळे भाग मिळतात त्या कोपऱ्यांतच. जास्त लावलेलं सिलिकॉन बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही पिळलं जातं. वाळल्यावर त्याचे तुकडे सुटतात आणि तेलात फिरतात. या इंजिनात तेल ओढणारी जाळी चेंबरमध्ये तेलावर तरंगती असते. तिच्यावर असा तुकडा बसला तर गळती थांबलेली असेल, पण बेअरिंग जळालेली असतील.

कागदी पॅकिंग मात्र ते अजून हाताने काढतात. गिअरपेटीच्या तोंडावर पॅकिंगचा कागद पसरायचा, अंगठ्याने दाबून धरायचा आणि छोट्या हातोडीच्या गोल डोक्याने कडेकडेने हलकेच ठोकत जायचं. धातूची कड कागद कापत जाते. आधी दोन भोकं पाडून त्यात बोल्ट सोडले, की कागद हलत नाही. बघता बघता पूर्ण आकार सुटून हातात येतो. जुन्या हौसिंगची भोकं कुणीतरी वेडीवाकडी वाढवलेली असतात. तिथे बाजारातल्या तयार पॅकिंगपेक्षा हे बरं बसतं.

आता हँडब्रेककडे येतो, कारण गळती नुसती अस्वच्छता नाही हे तिथे कळतं.

या जीपच्या गिअरपेटीमागे ट्रान्सफर केस असते, स्पायसरची ‘मॉडेल १८’. पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी. हँडब्रेकचा ड्रम हिच्याच मागच्या तोंडावर, प्रॉपेलर शाफ्टपाशी असतो. तिथलं सील गळलं, की दाट गिअर ऑइल सरळ ब्रेकच्या लायनिंगवर. मग लीव्हर कितीही ओढा, गाडी उतारावर सरकते. खेडोपाडी जुन्या जीपच्या पायाशी एक दगड कायम ठेवलेला असतो, थांबलं की चाकामागे लावायला. तो दगड बहुतेक वेळा या एका सीलमुळे गाडीत आलेला असतो. वरंधा किंवा कसारा घाटात भरल्या जीपला दगडावर विसंबून उभं करणं मला तरी कबूल नाही.

इथेही सील बदलून भागत नाही. गिअरपेटी आणि ट्रान्सफर केस एकमेकींना चिकटून बसतात. गिअरपेटीचा मुख्य शाफ्ट थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतो, आणि त्या वाटेने तेल एका पेटीतून दुसरीत सरकतं. मामांनी दोन्ही पेट्यांची पातळीची बुचं काढून दाखवली. गिअरपेटीत बोट बुडेना. ट्रान्सफर केसच्या बुचातून मात्र कुणी न भरलेलं तेल भळभळा बाहेर आलं. एक पेटी कोरडी पडून गिअर झिजत होते आणि दुसरी काठोकाठ भरून आपली सीलं फोडत होती. उपाय मधल्या वाटेवर, दोन पेट्यांच्या जोडावर. तिथे बंदिस्त बाजूचं बेअरिंग आणि नीट पॅकिंग घातलं जातं.

ट्रान्सफर केसचं मागचं सील काढल्यावर योकचा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो त्या तुकड्याचा, गोल भाग हातात घेतला. सीलचा ओठ जिथे फिरतो तिथे नखाला लागेल अशी खाच पडली होती. साठ वर्षांत रबराने आणि त्यात रुतलेल्या धुळीने लोखंड झिजवलेलं. अशा योकवर नवं सील बसवलं, तर पहिल्याच दिवशी तेल त्या खाचेतून वाट काढतं. यावर तीन उपाय आहेत. सील थोडं आत किंवा बाहेर बसवून ओठ न झिजलेल्या धातूवर आणायचा. लेथवर पॉलिश करून घ्यायचं, खाच उथळ असेल तरच. नाहीतर पातळ स्टीलची बाही वरून चढवायची. तिची जाडी मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असल्याने सीलचं माप बदलावं लागत नाही. मामांनी बाही चढवली.

आणि तरीही एक वाट उरते, जी चांगल्या चांगल्यांच्या ध्यानात येत नाही. योक शाफ्टच्या खाचांवर बसतो. त्या खाचांमधून तेल सीलच्या आतल्या अंगाने सरकत योकच्या नटापाशी येतं आणि बाहेर पडतं. बाहेरून पाहणाऱ्याला सील गळतंय असंच वाटतं. नटाखालच्या वायसरला आणि खाचांना शेवटी थोडा सीलंट लावला की ती वाट बंद होते. या एका गोष्टीपायी लोकांनी एकाच सीलवर पुन्हा पुन्हा पैसे खर्च केलेले आहेत.

ॲक्सलचं काम त्यामानाने सोपं. हौसिंगवर एक बारीक ब्रेदर असतो. चिखलाने तो बुजला की गरम झालेल्या हवेचा दाब तेलाला चाकांच्या सीलमधून ब्रेकड्रममध्ये ढकलतो. इंजिनाचीच गोष्ट पुन्हा. सील मागवण्याआधी तारेने ब्रेदर मोकळा करावा, त्याला काही पैसे पडत नाहीत. पुढच्या चाकांच्या गोल सांध्यांवर, म्हणजे नकलांवर, नमद्याच्या पट्ट्या असतात. त्या झिजल्या की चिखल आत जातो, तेल बाहेर येतं. स्टिअरिंगच्या पेटीत गळती थांबावी म्हणून ग्रीस भरायची पद्धत आहे, ती चुकीची आहे. ग्रीस एकदा बाजूला ढकललं गेलं की परत येत नाही आणि वरचं बेअरिंग कोरडं फिरतं.

तेल कुठलं घालावं यावर वाद रंगतात. माझं मत इतकंच, की जुन्या गिअरपेटीतल्या सिंक्रोच्या कड्या पितळी असतात. त्यांना जास्त गंधकाची तेलं मानवत नाहीत, म्हणून डब्यावर जीएल-४ पाहून घ्यावं. गळतीवर उतारा म्हणून जे जाड तेल ओततात, ते थंड इंजिनात बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, आणि पंजाब-हरियाणाच्या सीमेवरची मंडी डबवाली तर जीपसाठीच प्रसिद्ध. मात्र ऑइल सील घेताना जुनं सील सोबत न्यावं, नुसतं नाव सांगून भागत नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, आणि ओठ एक की दोन. दुकानदार कॅलिपर लावतो, शक्य तिथे आपणही लावावा. बसवताना ओठाला तेल पाजावं, खाचा असलेल्या शाफ्टवर आधी चिकटपट्टी गुंडाळावी आणि सील सरळ ठोकावं. ओठ तेलाकडे.

मूळच्या गाडीत काही सीलं चामड्याची होती. शोरूमइतकी अस्सल गाडी हवी म्हणून कुणी पुन्हा चामडं शोधतो. माझा या बाबतीत आग्रह नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. मूळ रूप जपायचं ते बॉडीचं, चॅसीचं, इंजिनाचं. आत न दिसणारं चामड्याचं सील काढून नायट्राइल रबराचं टाकल्याने जीपची अस्सलता कमी होते, असं मला वाटत नाही. हँडब्रेक धरत नसलेली अस्सल जीप मी रस्त्यावर आणणार नाही.

सिन्नरची ती जीप आता रंगायला गेली आहे. मामांनी मालकाला दोन गोष्टी बजावल्या आहेत. पहिली, पहिल्या काही फेऱ्यांनंतर चेंबरचे बोल्ट पुन्हा हलक्या हाताने तपासायचे, कारण कॉर्क बसतो. दुसरी, गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची नाही. उभ्या गाडीत तेल खाली उतरतं, सीलचे ओठ कोरडे पडून कडक होतात आणि शाफ्टला चिकटतात, मग पहिल्याच फेरीला फाटतात. म्हणून महिन्यातून एकदा तरी ती बाहेर काढायची, नुसतं इंजिन चालू करून नाही, तर गिअरपेटी आणि ॲक्सल गरम होतील इतकी चालवायची. मालकाने द्राक्षाच्या क्रेट बाजारात न्यायला दर सोमवारी हीच काढायची, असं ठरवलं आहे.